नऊ दिवसांची सही

ब्याऐंशी सालच्या ऑगस्टात लातूर जिल्हा वेगळा झाला आणि अण्णाराव गुरुजींनी बदली उस्मानाबादकडं मागून घेतली. त्यांची शेती तिकडं होती. औशातलं स्काऊटचं पथक मात्र त्यांना बरोबर नेता येईना. ते त्यांनी एका शिंप्याच्या गळ्यात घातलं.

शिंप्याचं नाव मलप्पा. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं एका मशीनचं दुकान. अकरा वर्षं त्यानं या पोरांचे खाकी सदरे, चड्ड्या, गळ्यातले स्काऊटचे रुमाल आणि बाहीवरचे बिल्ले शिवले होते. कापड अंगावर कसं पडतंय ते बघायला म्हणून तो रविवारी मैदानावर जायचा आणि दोन तास तिथंच रमायचा. शिट्टी वाजली की पोरं कशी रांगेत येतात, हे बघायला त्याला फार आवडे. त्याला मूलबाळ नव्हतं, पण ते काही त्यानं कधी या आवडीशी जोडून पाहिलं नव्हतं.

सामानाचा ट्रक गल्लीत उभा असताना गुरुजी पत्र्याची पेटी घेऊन दुकानात आले. पेटीत झेंडा, दोरखंड, हजेरीपट आणि एक शिट्टी.

"मलप्पा, ही पेटी सांभाळ. पथक आता तुझं."

"गुरुजी, मी सातवी नापास हाय."

"पोरं तुझ्याशी बोलतात. माझ्याशी नुसतं हो-नाही करतात. सगळं पोरांना करू दे, तू मधे पडू नको. लक्ष मात्र सोडू नको."

"म्हणजे नेमकं करू काय?"

गुरुजी सांगणार होते, पण तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि त्यांच्या मंडळींनी हाक मारली. मलप्पा पेटीकडं बघत उभा राहिला. नाही म्हणायला शब्द सापडेपर्यंत ट्रक बाजार ओलांडून गेला होता.

पहिल्या रविवारी पोरांनी त्याला 'सर' म्हणून हाक मारली. इतके दिवस तो त्यांचा मलप्पामामा होता. त्यानं मागं वळून पाहिलं, मागं कुणीच नव्हतं.

"सर, आज काय घ्यायचं?"

"तुमीच ठरवा."

त्यांनी कबड्डी ठरवली. पुढच्या रविवारी कबड्डीच, त्याच्या पुढच्या रविवारीही तीच. पोरांना करू देणं म्हणतात ते हेच का, हे विचारायला तो व्यंकटरावांकडं गेला. व्यंकटराव म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, पथकाच्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्याकडं नियमांचं इंग्रजी पुस्तक होतं. त्यांनी चष्मा लावून एक पान वाचलं आणि सांगितलं, "मुलांचं पुढारपण मुलांकडेच असावं. मोठ्यानं फक्त सल्ला द्यावा."

"बरं."

त्यांनी दुसरं पान उलटलं. "पथकात जे घडेल त्याला स्काऊट मास्तर जबाबदार."

"म्हणजे करायचं त्यांनी आन् जबाबदारी माझी?"

व्यंकटरावांनी दोन्ही पानं पुन्हा एकदा वाचली. "असंच दिसतंय," म्हणाले.

एक दिलासा होता, तो म्हणजे मन्मथ. मन्मथ पथकनायक, सगळ्या पोरांचा म्होरक्या. कापडाचे व्यापारी माणिकप्पा यांचा हा थोरला मुलगा, दहावीत होता. डोळ्यांवर पट्टी बांधून तो अकरा गाठी मारी. हात मोडलेल्याला झोळी कशी बांधायची, हे डॉक्टरासारखं समजावून सांगे. एकेक परीक्षा देत तो स्काऊटच्या राज्य पुरस्काराच्या तोंडाशी येऊन उभा होता. औशातनं तिथवर आजपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. मलप्पा अडला की मन्मथच हळूच म्हणायचा, "सर, आता झेंडा उतरवायचा असतो." मलप्पा मोठ्यानं म्हणायचा, "हां, झेंडा उतरवा."

त्या साली पोळ्यानंतर ढग फिरकले नाहीत. ज्वारी वीतभर येऊन वाळली. होळीपर्यंत आडांचे तळ दिसायला लागले, हातपंपातनं दहा दांड्यांना तांब्याभर तांबडं पाणी येई. मग तहसिलीचा टँकर किल्ल्याखालच्या मैदानात दुपारी चारला यायला लागला आणि भांडणं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी चेंगराचेंगरीत एका बाईचा हात मोडला. दुसऱ्या सकाळी तहसिलीतला कारकून दुकानाच्या पायरीशी आला.

"मलप्पा, ती तुमची खाकी पोरं रोज काय करतात?"

"कबड्डी."

"त्यांना रांग लावायला सांगा की."

मलप्पानं सांगितलं नाही, विचारलं. पोरांनी लगेच लिंबाखाली मानसभा बसवली. मानसभा म्हणजे पथकाची पंचायत. पथक तीन संघांत वाटलेलं होतं. त्या तीन संघांचे नायक आणि पथकनायक बसून ठरवतात, स्काऊट मास्तर नुसता ऐकतो. मोर संघाचा नायक पंढरी, रस्त्याच्या कामावरच्या मजुराचा मुलगा, बोलायला तुटक पण हिशेबी. हत्ती संघाचा मल्लिकार्जुन, नावाप्रमाणे दांडगा. तिसऱ्या संघाचा नायक सगळ्यांत लहान, बहुतेक पंढरीच्या मागं मागं. अर्ध्या तासात त्यांनी चुन्याची रेघ कुठं मारायची, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नंबरांचे बिल्ले कसे करायचे आणि रोज वेगळ्या गल्लीपासनं रांग कशी सुरू करायची, हे सगळं ठरवून टाकलं. गल्ल्यांची पाळी फिरवायची, हे मलप्पाच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं.

चौथ्या दिवसापासून भांडण झालं नाही. मन्मथ शिट्टी घेऊन पुढं, पंढरी वही घेऊन मागं. आज कुणी किती वेळ रांग धरली, हे तो रोज लिहून ठेवी. म्हाताऱ्या बाया पोरांच्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडायला लागल्या.

"मी त्यात काय केलं?" मलप्पानं घरी बायकोला, दानम्माला विचारलं.

"गप बसलाव," ती म्हणाली. "जमतंय की तेवढं तुमाला."

ते कौतुक होतं की टोमणा, हे त्याला दोन दिवस कळलं नाही.

मग लग्नसराई आली. दुष्काळ असला तरी लग्नं थांबत नाहीत, आणि नवरदेवाचा कोट कुणी तुकड्यांत घालत नाही. मलप्पाची मान मशीनवरनं वर उठेना. पुरस्काराचा फॉर्म घेऊन मन्मथ आला तो त्याच धांदलीत. पुरस्कारासाठी तीस दिवसांची सेवा लागत होती, ती टँकरवर झाली होती. तारखा ओळीनं लिहिलेल्या, खाली स्काऊट मास्तरच्या सहीची जागा. मलप्पानं कात्री खाली ठेवली, बोटं पुसली आणि झोकात सही केली. आपल्या सहीनं कुणी राज्यात जाणार, याचं त्याला अप्रूप वाटलं. व्यंकटरावांनी शिक्का मारला आणि फॉर्म टपालात गेला.

आठ दिवसांनी पंढरी दुकानात आला. पाय जुळवून उभा राहिला.

"सर, रविवारी मानसभा हाय. तुमी यायलाव न्हवं?"

"येतो की. कशाची?"

"मन्मथच्या फॉर्मची." तो घुटमळला. "तुमचं बी नाव हाय त्यात."

रविवारी लिंबाखाली एरवीसारखी सावली होती, पण पोरं एरवीसारखी नव्हती. मन्मथवरच विषय असल्यानं मधे पंढरी बसला होता. त्यानं मांडीवर दोन वह्या ठेवल्या. एक त्याची रोजची वही, दुसरी मन्मथनं फॉर्म भरताना केलेली नक्कल.

"माझ्या वहीत मन्मथ एकवीस दिवस हाय," तो म्हणाला. "फॉर्मात तीस. मधले नऊ दिवस तो आलाच न्हाई. उदगीरला होता."

सगळ्यांनी मन्मथकडं पाहिलं. तो डगमगला नाही. "आजी आजारी होती. मी सरांना विचारून गेलो. तिथंबी मी बसून न्हवतो. आजीच्या गल्लीत टाकीवर रोज चार घरांचं पाणी भरलो. सरांना म्हणलो, सर, ते दिवस सेवेत धरले तर चालतील का? सरांनी मान हलवली."

"पण फॉर्मात 'औसा, टँकर' लिवलास."

"जागेचं नाव एकदाच लिहायला रकाना होता. दुसरा कुठं लिहू?"

"मग कोऱ्या जागेत लिवायचं."

"सरांनी मान हलवली म्हणून मी लिहिलं!" मन्मथचा आवाज पहिल्यांदा चढला. "सर, सांगा की तुमी."

आता सगळी तोंडं मलप्पाकडं वळली.

मलप्पानं आठवून पाहिलं. मन्मथ दारात आला होता, हे त्याला आठवत होतं. उन्हामुळं त्याचं तोंड दिसत नव्हतं, हेही आठवत होतं. स्टुलावर नवरीचा भाऊ उभा होता, कोटाची बाही टाचायची होती आणि मलप्पाच्या ओठांत सात-आठ टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात असल्या की शिंपी सगळ्यांनाच मान हलवतो. गिऱ्हाईक म्हणतं उद्या देता का, तो मान हलवतो. दानम्मा म्हणते भात टाकू का, तो मान हलवतो. उदगीर हा शब्द कानावर पडला होता का? कदाचित. सेवा हा शब्द? देव जाणे.

हलवली म्हणावं तर जे आठवत नाही ते खरं म्हणून सांगितल्यासारखं होतं. नाही हलवली म्हणावं तर पोरगा चार जणांत खोटा ठरतो.

"मला आठवंना," तो म्हणाला.

मल्लिकार्जुन फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. मन्मथनं मान खाली घातली.

"पण सही करताना तारखा वाचलाव का तुमी?" पंढरीनं विचारलं. उद्धटपणा नव्हता त्यात, गणितात विचारावं तसं विचारलं.

"न्हाई वाचल्या."

पंढरीनं ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, "सर, तुमी आन् मन्मथ जरा तिकडं बसता का? आमाला बोलायचंय."

स्काऊट मास्तरला मानसभेतनं उठवता येतं का, हे पुस्तकात कुठं होतं का नाही, मलप्पाला ठाऊक नव्हतं. तो उठला. मैदानाच्या कडेला पार होता, तिथं तो आणि मन्मथ शेजारी शेजारी बसले. दोघांच्या मधे हातभर जागा. मलप्पाच्या मनात आलं, आत्ता उठावं, शिट्टी मारावी आणि सांगावं की पुरे झालं, फॉर्म गेला तो गेला. तेवढा अधिकार त्याला होता. तो उठला नाही. पोरांचा मान राखायचा म्हणून आपण बसलोय, का उठायची छाती होत नाही म्हणून, हे त्याला उमगेना. तो स्वतःलाच दोनदा विचारून दमला.

निकाल पंढरीनं उभं राहून वाचला. फॉर्म खरा नाही, तो परत आणायचा. ज्यानं लिहिला आणि ज्यानं सही केली, त्या दोघांनी जाऊन आणायचा. आणि राहिलेले नऊ दिवस दोघांनी टँकरवर भरायचे.

"दोघांनी?" मलप्पा म्हणाला.

"हाव, सर."

त्या संध्याकाळीच माणिकप्पा दुकानात आले. ते कधी दुकानात येत नसत, कापड नोकराबरोबर पाठवत.

"मलप्पा, माझं पोरगं जुलैत नांदेडला तंत्रनिकेतनला चाललंय. या वर्षी पुरस्कार न्हाई झाला तर पुन्हा कवा? तिथं कोण त्याला पथक देतंय?"

"खरं हाय, शेटजी."

"खरं हाय तर मग त्या मजुराच्या पोराचं ऐकून तू फॉर्म आणायला चाललास? शिकवायचं तू त्यांना का त्यांनी तुला?"

"तेच मला कळंना," मलप्पा म्हणाला.

माणिकप्पांना वाटलं तो आपली थट्टा करतोय. ते तरातरा निघून गेले. मलप्पा तसाच व्यंकटरावांकडं गेला. व्यंकटरावांनी पुस्तक तासभर चाळलं. फॉर्म कसा पाठवायचा ते सगळं त्यात होतं, परत कसा आणायचा ते कुठंच नव्हतं.

"तुमी काय केलं असतं?" मलप्पानं विचारलं.

"मी पोस्टात होतो बाबा. टपाल एकदा पेटीत पडलं की ते टाकणाऱ्याचं राहत नाही." मग म्हणाले, "पण शिक्का मीही न वाचताच मारला. तेही सांग त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीला मलप्पा स्टँडवर गेला. मन्मथ येईल असं त्याला वाटत नव्हतं. पण तो कोपऱ्यात उभा होता, साध्या कपड्यांत. बापाला सांगून आला का न सांगता, हे मलप्पानं विचारलं नाही.

ते आधी उस्मानाबादला गेले, कारण शिक्का जुन्या जिल्ह्याचा होता आणि पाकिटावर व्यंकटरावांनी सवयीनं जुनाच पत्ता लिहिला होता. तिथल्या स्काऊट कचेरीतल्या कारकुनानं औसा हे नाव ऐकून मान हलवली. "औसा आता आमचं न्हाई. तिकडचे कागद सगळे गठ्ठे बांधून लातूरला रवाना केले." पुन्हा गाडी धरली, उन्हं कलताना लातुरात उतरले. नवी कचेरी म्हणजे दोन भाड्याच्या खोल्या, पाटीचा रंग अजून ओला वाटावा असा. आत तरुण जिल्हा संघटक गठ्ठ्यांच्या मधे खुर्ची घालून बसले होते. त्यांनी यादी काढली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मन्मथ माणिकप्पा? चौथं नाव! पास झालाय फॉर्म. जूनमध्ये शिबिर. नव्या जिल्ह्याचं पहिलंच, अभिनंदन!"

मन्मथनं मलप्पाकडं पाहिलं. मलप्पानं टोपी काढून हातात घेतली.

"सायेब, आमी फॉर्म परत न्यायला आलोय."

संघटकांना पहिल्यांदा ऐकूच आलं नसावं. मग मलप्पानं सगळं सांगितलं. टँकर, उदगीर, टाचण्या, मानसभा. सांगताना त्याला स्वतःलाच ते कुणा भलत्याच माणसाचं वाटायला लागलं. संघटक बराच वेळ पेन्सिल गोल फिरवत राहिले.

"फॉर्म कसा घ्यायचा ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "परत देत नाहीत. म्हणजे देतात का, ते मी कुणाला विचारू? मीच इथं तीन महिन्यांपूर्वी आलोय." मग मलप्पाकडं बघून म्हणाले, "तुम्ही मास्तर आहात. सरळ सांगा, तुमची सही खरी का खोटी?"

"सही माझीच हाय," मलप्पा म्हणाला. "पण त्यातले नऊ दिवस मी बघितलेले न्हाईत."

"पण मुलगा म्हणतो, त्यानं पाणी भरलं."

"भरलं असंल. पोरगा खोटा न्हाई."

"मग अडचण काय आहे?"

अडचण होती हे मलप्पाला छातीत कळत होतं, पण त्याला नाव देता येत नव्हतं. तेवढ्यात मन्मथ पुढं झाला. "मला पेन द्या," म्हणाला. त्यानं फॉर्म आपल्याकडं ओढला, नऊ तारखांवर एकेक रेघ मारली आणि शेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'हे दिवस उदगीर येथे, आजीच्या गल्लीत पाणी भरले. पथकाबरोबर नव्हतो.' खाली सही केली. त्याचं अक्षर वळणदार होतं, पण शेवटचा शब्द ओळीच्या खाली घसरला.

संघटकांनी ते वाचलं. "आता एकवीसच राहिले. तीसची मुदत पाच तारखेला संपली. मला नाव काढावं लागेल."

"काढा," मन्मथ म्हणाला.

परतीच्या गाडीत मन्मथ खिडकीशी बसला. मलप्पानं स्टँडवर शेंगा घेतल्या होत्या, पुडी पुढं केली. त्यानं घेतली नाही. वस्ती मागं पडल्यावर तो बाहेर बघतच म्हणाला, "सर, मान मीच हलवली असं तुमी तिथं म्हणाला असताव तर झालं असतं काम."

"हाव."

"मग का न्हाई म्हणलाव?"

"मला खरंच आठवत न्हाई, बाबा. आठवलं असतं तर म्हणलो असतो."

"मला तर आठवतंय."

"तुजं खरं असंल," मलप्पा म्हणाला. औसा आल्यावर मन्मथ पुढच्या दारानं उतरला आणि वळून न बघता गेला.

दुसऱ्या दिवसापासून मलप्पा चारच्या ठोक्याला दुकान ओढून घेऊन टँकरवर जायला लागला. पंढरीनं त्याला पत्र्याचे बिल्ले वाटायचं काम दिलं. रांगेतल्या बायांना दोन दिवस गंमत वाटली.

"काय मास्तर, पोरांनी शिक्षा दिली म्हणं?"

"हाव, आक्का. सोळा नंबर तुमचा."

माणिकप्पांच्या घरची शिलाई दुसऱ्या शिंप्याकडं गेली. दानम्मा फक्त एकदा म्हणाली, "नऊ दिवस उन्हात उभं राहून काय कळलं तुमाला?" मलप्पानं प्रामाणिकपणे विचार केला. बिल्ले वाटताना माणसाचं तोंड बघावं लागतं, एवढं एक त्याला कळलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं नुसते हात बघितले आणि एकाच बाईला दोन बिल्ले गेले.

मन्मथ आला नाही. पहिला दिवस गेला, दुसरा, तिसरा. पंढरी वहीत त्याच्या नावापुढं रोज कोरं ठेवी, फुली मारत नसे. पण तो एकटा पडत होता. शिट्टी वाजवायची, वही लिहायची, भांडणं सोडवायची, सगळं त्याच्यावर आलं. चौथ्या दिवशी दोन गल्ल्यांतले गडी नळीला एकदमच झोंबले आणि अर्धा टँकर मातीत गेला. पंढरी रडकुंडीला आला. त्या रात्री मलप्पाला नीट झोप लागली नाही. बोलवायला जावं, तर मधे पडल्यासारखं होतं. न जावं, तर लक्ष सोडल्यासारखं. सकाळी उठून, कुठल्याच निर्णयाला न येता, तो चालत माणिकप्पांच्या घरी गेला.

माणिकप्पा ओसरीवर होते. त्यांनी बस म्हटलं नाही. मन्मथ आतनं आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"मी बोलवायला आलो न्हाई," मलप्पा म्हणाला. मग त्यालाच ते खोटं वाटलं. "म्हणजे, बोलवायलाच आलोय."

"आता कशाला येऊ, सर? पुरस्कार तर गेला."

"कशाला, ते मला सांगता येत न्हाई. मी बी कशाला जायलोय ते मला धड कळंना. पण चारला टँकर येतंय. काल अर्धं पाणी मातीत गेलं. पंढरीला एकट्याला आवरंना. शिट्टीला ती माणसं भीत न्हाईत, तुला भीत होती."

"पंढरीनं पाठवलं का तुमाला?"

"न्हाई. तो तुजं नाव काढत न्हाई. तुज्या नावापुढं रोज कोरं ठेवतोय मात्र."

मन्मथनं बापाकडं पाहिलं. माणिकप्पा पानदान उघडून सुपारी कातरत बसले होते, वर बघितलं नाही. मग ते अडकित्त्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पाणी मातीत गेलं म्हणायलास?"

"हाव, शेटजी. अर्धं."

ते पुन्हा सुपारी कातरायला लागले.

मन्मथ त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला. खाकी नाही, घरच्या पायजम्यात. टँकर लागलाच होता. पंढरीनं त्याला पाहिलं. त्यानं नुसतं रांगेच्या शेपटाकडं बोट केलं, कारण ढकलाढकली तिथनं सुरू व्हायची. पथकनायक असताना मन्मथ कधी शेपटाला उभा राहिला नव्हता. तो गेला आणि उभा राहिला. तास-दीड तासानं टँकर रिकामा झाला तेव्हा एक थेंबही सांडला नव्हता. बिल्ले परत गोळा करताना मलप्पाला ते मोजायचं भानच राहिलं नाही.

मलप्पाचे नऊ दिवस आधी संपले, पण तो जात राहिला, कारण मन्मथचे अजून बाकी होते. मन्मथचेही संपले, तोही येत राहिला. जूनच्या शेवटी पाऊस झाला, टँकर बंद झाला आणि पोरं पुन्हा कबड्डीला लागली. मानसभा नवा पथकनायक निवडायला बसली. मतं पंढरीला दोन, मल्लिकार्जुनाला दोन. मन्मथनं मल्लिकार्जुनाला मत दिलं, हे त्यानं स्वतःच सांगितलं, आणि पुन्हा मतं घेतली तेव्हा बदललंही नाही. शेवटी दोघांनी सहा-सहा महिने वाटून घ्यायचं ठरलं. मलप्पाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला पंढरी बरा वाटतो, पण तुमी ठरवलाव ते बी बरंच हाय." मानसभेत आपलं मत सांगायची ही त्याची पहिलीच वेळ. पोरांनी ऐकून घेतलं आणि आपलंच कायम ठेवलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मन्मथ दुकानात आला. बापाच्या दुकानचं कापड घेऊन, दोन शर्टांचं. त्या घरचं कापड उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच आलं होतं. मलप्पानं टेप काढला आणि त्याच्या खांद्याचं माप घ्यायला लागला.

"मन्मथ, एक विचारू?"

"विचारा की, सर."

"तवा तुला खरंच दिसलं होतं का, मी मान हलवलेली?"

मन्मथनं समोरच्या आरशात पाहिलं. "तवा वाटलं होतं, सर. अगदी पक्कं. आता इतक्यांदा सांगून झालंय की मलाच न्हाई सांगता येत."

मलप्पानं हं केलं. टेप मनगटापर्यंत नेला, आकडा वहीत लिहिला.

"नांदेडला उकाडा लई हाय म्हणतात," तो म्हणाला. "बाही अर्धी ठेवू का पुरी?"

"पुरी ठेवा," मन्मथ म्हणाला. "गुंडाळता येतीय."